गाडीचा ताप, डोक्याला ताप!

मे महिना, शनिवारची दुपार आणि चाकणचा ट्रॅफिक जाम. या तीन गोष्टी एकत्र आल्या की माणसाच्या पेशन्सचा पार भुगा होतो, बॉस! पुढे कंटेनर, मागे कंटेनर, डाव्या हाताला सहा आसनी रिक्षा आणि मध्ये आमची वीस वर्षांची हॅचबॅक. एसी फुल्ल, ब्लोअर चारवर, तोंडावर वारा बऱ्यापैकी गार... आणि पाय? पाय शेगडीवर ठेवल्यासारखे!

गाडीचं नाव नाही सांगत. वीस वर्षांनी कुठल्याही कंपनीची गाडी म्हातारीच होते, उगाच बिचारीची बदनामी कशाला? अण्णांनी ती २००४ मध्ये नवी कोरी घेतली. एमएच १४ पासिंग, जुन्नरच्या वाड्यासमोर पेढे वाटून पूजा, सगळं साग्रसंगीत. पुढे अण्णांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि किल्ली माझ्याकडे आली. तेव्हापासून दर दुसऱ्या वीकेंडला पुणे-जुन्नर ही आमची ठरलेली वारी. तुमच्यापैकी किती तरी जणांकडे अशीच एखादी घरातून मिळालेली किंवा पहिल्या पगारवाढीत घेतलेली सेकंड-हँड गाडी असेल. आणि 'केबिन फार तापते यार' ही तक्रारही असेलच.

ही गोष्ट २०२४ च्या मे महिन्यातली आहे. त्याआधीच्या दोन महिन्यांत मी या गरमीवर काय काय केलं होतं, ऐका. एसीचा गॅस भरला, अडीच हजार रुपये. पुढच्या काचेला चंदेरी सनशेड आणली. मागच्या खिडक्यांना जाळीचे पडदे लावले. रिझल्ट? शून्य! तरीही माझं मत ठाम होतं : जुनी गाडी आहे, तापणारच.

मग आईच्या पायाला फोड आला.

भीमाशंकरच्या पायऱ्या

त्या वीकेंडला आईला भीमाशंकरला जायचं होतं. जुन्नरहून नारायणगाव, कळंब, मंचर, मग घोडेगावला मावशीला गाडीत घ्यायचं आणि डिंभ्यावरून पुढे तळेघरचा रस्ता. डिंभे धरण मागे टाकलं की चढ आणि वळणं सुरू होतात. सेकंड गिअर, थर्ड गिअर, परत सेकंड. आई पुढच्या सीटवर, मावशी मागे, दोघींच्या गप्पा फुल फॉर्मात. गाडीत बसलं की चपला काढून ठेवायच्या, ही आईची जुनी सवय.

भीमाशंकरला देवळात जायला आधी पायऱ्या उतराव्या लागतात आणि दर्शन झालं की त्याच पायऱ्या चढाव्या लागतात. आई नेहमीप्रमाणे अनवाणी. दगड तापलेले होतेच. संध्याकाळी घरी आल्यावर पाय धुताना तिला टाचेजवळ रुपयाएवढा फोड दिसला. दिसला म्हणतेय मी. जाणवला नव्हता! आईला बारा वर्षांपासून मधुमेह आहे. मधुमेहात पायांच्या नसांची संवेदना हळूहळू कमी होऊ शकते. चटका बसतो, पण मेंदूपर्यंत निरोप पोचत नाही.

"पायऱ्या तापल्या होत्या गं," आई म्हणाली. विषय संपला असता. पण अण्णा म्हणजे रिटायर्ड विज्ञान शिक्षक. चष्मा वर करून त्यांनी विचारलं, "पायऱ्या दोन्ही पायांनी चढलीस ना? मग फोड एकाच पायाला कसा?"

फोड उजव्या टाचेला होता. डावा पाय एकदम ठणठणीत.

अण्णांचा दुसरा प्रश्न मला होता. "गाडी चालवताना तुझा कुठला पाय तापतो?"

मी विचार केला. डावा. नेहमीच डावा! उजवा पाय तर अॅक्सिलरेटरवर, इंजिनाच्या तितकाच जवळ असतो, पण तक्रार कायम डाव्याची.

"तुझा डावा, तिचा उजवा. दोघींच्या मधोमध काय आहे गाडीत?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. अडीच हजारांचा गॅस, सनशेड, पडदे... आणि पाय कुठला तापतो, एवढा साधा प्रश्न मी स्वतःला कधी विचारलाच नव्हता.

चार संशयित

रविवारी सकाळी सहाला अण्णांनी अंगणात शाळा भरवली. "कालचं झालं अनुमान. आता प्रयोग!" त्यांचा फंडा सोपा होता. केबिनमध्ये गरमी यायला चारच वाटा आहेत. वरून सूर्य, समोरून हीटर, भिंतीतल्या भोकांतून इंजिनची हवा आणि खालून सायलेन्सरचा पाइप. एका वेळी एकच वाट तपासायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशाचा गुण आला ते कळत नाही.

आमचं हत्यार होतं कोविडच्या काळात घेतलेली, कपाळावर रोखायची ती थर्मामीटरची बंदूक. तिच्यात शरीराचं आणि वस्तूच्या पृष्ठभागाचं असे दोन मोड असतात. पृष्ठभागाचा मोड लावला की डॅशबोर्ड, सीट, फ्लोअर सगळ्यांचा ताप मोजता येतो. तुमच्याही ड्रॉवरमध्ये पडली असेल बघा.

संशयित नंबर एक : सूर्य. उन्हात उभी केलेली गाडी तापते हे सांगायला कुणी शास्त्रज्ञ नको, पण किती तापते ते वाचून मी हादरले होते. २००५ मध्ये 'पेडियाट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या डॉक्टरांचा एक अभ्यास आला होता. बाहेर २२ ते ३६ अंश सेल्सिअस असताना बंद गाडीतलं तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी वाढलं, आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच बोटभर खाली ठेवून फारसा फरक पडला नाही. म्हणूनच 'दोन मिनिटांत येते' म्हणून लहान मुलाला किंवा आजीला बंद गाडीत बसवून जायचं नाही. कधीच नाही.

पण सूर्याची एक खूण असते. सूर्याची गरमी प्रवासाबरोबर उतरते, इंजिनाची चढते. सूर्याने तापलेल्या गाडीत आधी डॅशबोर्ड, स्टिअरिंग आणि सीटचा वरचा भाग भाजतो, आणि काचा उघड्या ठेवून दहा मिनिटं चालवली की बरं वाटतं. आम्ही तर सकाळी सहाला निघालो होतो, ऊन नावालाही नव्हतं. जुन्नर ते नारायणगाव, एसी बंद, ब्लोअर बंद. पंधरा-सोळा किलोमीटरनंतर छत २९ अंश, डॅशबोर्ड ३१. फ्लोअर मात्र चढायला लागला होता. सूर्य निर्दोष सुटला!

जाता जाता, काळी फिल्म हा उपाय डोक्यात असेल तर थांबा. पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांतला शंभरावा नियम सांगतो. आणि काच कितीही काळी केली तरी पाय काय काचेतून तापत नाहीत.

संशयित नंबर दोन : हीटर. भर उन्हाळ्यात हीटर? हो! आपण हीटर लावत नाही, पण तो गाडीत असतोच. इंजिन गार ठेवणारं गरम पाणी रबरी नळीतून डॅशबोर्डमागच्या एका छोट्या रेडिएटरमध्ये जातं आणि दुसऱ्या नळीतून परत येतं. काही गाड्यांत हे पाणी अडवायला व्हॉल्व्ह असतो. काहींत पाणी कायम फिरतं आणि फक्त हवेच्या वाटेत एक फ्लॅप असतो. व्हॉल्व्ह अडकला, फ्लॅपची केबल सैल झाली, की तुमच्या एसीच्या गार हवेत गुपचूप गरम हवा मिसळायला लागते. बिचारा एसी मर मर मरतो आणि आपण गॅस भरत बसतो.

(हो, ते गॅसचं अण्णांकडून ऐकलं आणि अडीच हजारांचं दुःख दुप्पट झालं. एसीचा गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही, तो बंद नळ्यांमध्ये फिरत असतो. कमी झाला म्हणजे कुठे तरी गळतोय. गळती न शोधता नुसता भरला, तर पुढच्या मे महिन्यात परत तेच.)

तपासायचं कसं? इंजिन गरम झाल्यावर कंट्रोल 'कोल्ड'वर ठेवायचा, एसी बंद, ब्लोअर चालू. दहा मिनिटांनी जाळीतून येणारी हवा बाहेरच्या हवेपेक्षा बरीच गरम लागली, तर हीटरवर संशय घ्या. व्हॉल्व्हवाली गाडी असेल तर बॉनेट उघडून फायरवॉलमध्ये, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीत, शिरणाऱ्या त्या दोन नळ्यांचा ताप मोजा. एक गरम आणि एक त्यामानाने गार, म्हणजे व्हॉल्व्ह बंद होतोय. दोन्ही सारख्याच कढत, म्हणजे पाणी आत फिरतंय. फ्लॅपवाल्या गाडीत मात्र दोन्ही गरमच असतात, तिथे घाबरू नका. आमची व्हॉल्व्हवाली. एक नळी ७८, दुसरी ४१. हीटरही सुटला.

संशयित नंबर तीन : भिंतीतली भोकं. फायरवॉलमधून क्लचची केबल जाते, वायरी जातात, स्टिअरिंगचा दांडा जातो. प्रत्येक भोकाला रबरी ग्रोमेट असतं. वीस वर्षांत ते कडक होऊन तडकतं. यावर अण्णांची युक्ती भारी होती. संध्याकाळी अंधारात इंजिन बंद करून मी डॅशबोर्डखाली आडवी झाले आणि अण्णांनी बॉनेटमधून टॉर्च मारला. क्लचच्या केबलपाशी लख्ख चांदणी!

"सापडला चोर!" मी ओरडले. खरं सांगते, मी एकटी असते तर इथेच थांबले असते. भोक बुजवलं असतं, दोन दिवस 'जरा बरं वाटतंय' असं स्वतःला समजावलं असतं. पण अण्णांनी शांतपणे विचारलं, "ते भोक ड्रायव्हरच्या बाजूला आहे. तुझ्या आईच्या टाचेपर्यंत त्याची गरमी कशी पोचली?"

संशयित नंबर चार : पायाखालचा पाइप

सोमवारची सुट्टी टाकली. (फ्रीलान्सरची सुट्टी म्हणजे एडिटरचा फोन न उचलणं!) परत नारायणगावचा रस्ता, या वेळी फ्लोअरवर बंदूक रोखून. माझ्या उजव्या पायाखाली ३६. आईच्या डाव्या पायाच्या जागी ३९. आणि मधल्या उंचवट्याला लागून, आईची उजवी टाच जिथे टेकते तिथे ५८. तेही सपाट रस्त्यावर! घाटात सेकंड गिअरमध्ये इंजिन जास्त जोर लावतं, सायलेन्सरचा पाइप जास्त तापतो, आणि गाडीचा वेग कमी म्हणून खालून वाराही लागत नाही. त्या दिवशी डिंभ्याच्या पुढे तिथे किती असेल, विचारही करवत नाही.

चाकणचं कोडंही सुटलं. जाममध्ये गाडी उभी, खालून वारा नाही, म्हणून पाय जास्त भाजायचे. मंचरच्या पुढे रस्ता मोकळा झाला की बरं वाटायचं. मला वाटायचं एसी लागला!

नारायणगावच्या गॅरेजमध्ये मेस्त्रींनी गाडी खड्ड्यावर घेतली. "ताई, खाली या. दाखवतो." पाइपच्या वर, फ्लोअरच्या पत्र्याला दोन गंजलेल्या बोल्टची बुडखी होती. "इथं पत्रा असतो. पाइपची धग गाडीच्या बुडाला लागू नये म्हणून कंपनीच लावते. कुणी काढला?"

मी गप्प. कारण मला आठवलं.

जानेवारीत गाडीखालून खडखड आवाज यायचा. पुण्यातल्या एका गॅरेजमध्ये दाखवलं. पोरगा खाली गेला, दोन मिनिटांत बाहेर आला, हातात एक गंजका पत्रा. "मॅडम, हा वाजत होता. काढून टाकला. काही गरज नसते त्याची." आवाज बंद! मी खूश होऊन त्याला पन्नास रुपये वर दिले होते.

मेस्त्री हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "आवाज गेला आन् ताप आला," एवढंच म्हणाले.

त्यांनी आधी एक गोष्ट तपासली, आणि तीच सगळ्यात महत्त्वाची होती. पाइपच्या जोडांवर काजळीचे डाग आहेत का? मग इंजिन चालू करून मागच्या नळीच्या तोंडावर क्षणभर जाड फडकं दाबलं आणि कुठे 'फुस्स' आवाज येतो का ते ऐकलं. (हे काम त्यांचंच, आपण घरी करून बघायचं नाही.) पाइप फुटका असेल तर गरमीबरोबर कार्बन मोनॉक्साइडही केबिनमध्ये शिरू शकतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पट घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, आणि आपण म्हणतो, 'घाट लागला'. सुदैवाने आमचा पाइप शाबूत होता.

मग त्यांनी नवा पत्रा कापून, वाकवून बसवला. मी विचारलं, "मामा, एवढा पातळ पत्रा काय अडवणार?" तर म्हणाले, "पत्रा नाय अडवत ताई, मधली हवा अडवते." पत्रा पाइपलाही चिकटवायचा नाही आणि फ्लोअरलाही नाही. दोन्ही बाजूंना बोटभर फट हवी. थर्मासच्या दोन भिंतींमध्ये मोकळी जागा असते, साधारण तोच हिशोब. वरून जाड मॅट टाकून काम भागलं नसतं का? नाही. मॅटने आपल्याला धग जाणवायची बंद होते, पण खालचा पत्रा, कार्पेटची फेल्ट आणि तिथून जाणाऱ्या वायरी तापतच राहतात.

ग्रोमेट, पत्रा, मजुरी मिळून सातशे रुपये. गॅसच्या बिलाच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी! परतताना त्याच रस्त्यावर, त्याच जागेवर बंदूक रोखली : ४०.

आई बोलली का नाही?

मंचरच्या डॉक्टरांनी आईची चांगलीच खरडपट्टी काढली. अनवाणी फिरायचं नाही, गाडीतसुद्धा चपला घालायच्या, रोज रात्री तळपाय आरशात बघायचे, आणि गरम आहे की नाही हे पायाने नाही, हाताने बघायचं. त्वचा भाजायला निखारा लागत नाही. पन्नास-पंचावन्न अंशांची वस्तू काही मिनिटं टेकून राहिली तरी पुरते. तुम्ही-आम्ही चटकन पाय उचलतो, आईचा पाय उचललाच गेला नाही. जखम भरायला तीन आठवडे लागले. मधुमेहींच्या पायाची जखम चिघळली तर काय होतं, ते मी इथे लिहीत नाही.

पण मला खरा चटका बसला तो वेगळाच. मी आईला विचारलं, "तिथं हात लागला असेल ना कधी तरी? पिशवी ठेवताना? गरम लागलं नाही?"

"लागायचं की," आई म्हणाली. "मला वाटलं, जुनी गाडी आहे, असंच असणार. आणि तू एवढी लांबून दमून यायचीस, त्यात आणखी कुठं सांगायचं?"

जुनी गाडी आहे, तापणारच. माझंच वाक्य, तिच्या तोंडून.

तुमच्यासाठी झटपट चेकलिस्ट

- आधी विचारा : कुठे तापतं? पाय, गुडघे, तोंड की डोकं? डावीकडे की उजवीकडे? शेजारच्या आणि मागच्या सीटवर बसणाऱ्यांनाही विचारा.
- मग विचारा : कधी तापतं? उभ्या गाडीत, जाममध्ये, घाटात की हायवेवर? ऊन नसतानाही तापत असेल तर सूर्याला दोष देऊ नका.
- हवा आतल्या आत फिरवणारं बटण दाबल्यावर गरमी कमी झाली, तर बाहेरची हवा घेण्याच्या वाटेतून इंजिनची धग येतेय. बॉनेटच्या मागच्या कडेचं रबर तपासून घ्या.
- कार्पेट ओलसर, गोडसर वास, पुढच्या काचेवर आतून तेलकट धुरकटपणा : हीटरचा रेडिएटर गळत असू शकतो. कूलंटची पातळी बघा, पण गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण उघडू नका.
- टेंपरेचरचा काटा वर चढत असेल तर केबिनचा विचार सोडा, गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा.
- जुनी ओम्नी असेल तर इंजिन पुढच्या सीटखालीच असतं. थोडी धग येणारच. सीटखालच्या झाकणाचं रबर नीट बसलंय ना, एवढं बघा.
- गाडीत डोकं दुखत असेल, गरगरत असेल तर काचा उघडा आणि आधी सायलेन्सर तपासा. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका.
- नाणेघाटच्या पठारावर फोटो काढायला गाडी वाळक्या गवतात लावू नका. तापलेल्या सायलेन्सरने गवत पेटू शकतं.
- मेकॅनिकने एखादा भाग 'गरज नसते' म्हणून काढला, तर तो कशासाठी होता हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

आता ती बंदूक आईच्या पर्समध्ये असते. कळंब आलं की ती खाली वाकून फ्लोअरवर रोखते, आकडा मोठ्याने वाचते, मग माझ्या कपाळावर रोखते आणि तोही वाचते. मागच्या महिन्यात नारायणगाव सोडल्यावर खालून बारीक खडखड ऐकू आली. नव्या पत्र्याचा बोल्ट थोडा सैल झाला असणार. मी म्हटलं, "आई, उद्या मेस्त्रींकडून घट्ट करून घेऊ."

"घे. पण आज वाजू दे गं," आई म्हणाली. "आहे म्हणून वाजतोय."